तिसरी चौकट : आंधळे, हत्ती आणि वऱ्हाडातले हसते तत्त्वज्ञान

१/
तत्त्वज्ञान विनोदातून सांगावे का, हा वाद आपल्या पिढीला अगदी नवा वाटतो. मोबाइलच्या पडद्यावर चार चौकटींची चित्रकथा सरकते, त्यात सॉक्रेटिस कोणाची तरी फजिती करतो, आपण हसतो आणि बोट पुढे सरकवतो. कोणी म्हणते, निदान विचारवंतांची नावे तरी कानावर पडतात. कोणी म्हणते, अशाने विचार स्वस्त होतो. आजच्या धाग्यात हा वाद सातशे वर्षे मागे नेऊन पाहू. स्थळ वऱ्हाड. आरंभ मेळघाटातल्या सेमाडोहला आणि शेवटही तिथेच. कारण हा धागा लिहायला लावणारा प्रश्न मला तिथल्या एका आजीने विचारला.

२/
परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांग मागे टाकून जंगलात शिरतो आणि पुढे सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. तालुका चिखलदरा, जिल्हा अमरावती. भोवती १९७४ साली घोषित झालेला मेळघाट व्याघ्र प्रकल्प. हा सारा मुलूख कोरकू लोकांचा. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली भाषा आहे. संथाळी आणि मुंडारी या तिच्या बहिणी. त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाणारी भाषा तीच. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

३/
गेल्या हिवाळ्यात तिथे शाळकरी मुलांच्या एका घोळक्याला मी मोबाइलवरची एक तत्त्वज्ञानाची चित्रकथा दाखवली. कोणीही हसले नाही. हसणार तरी कसे? त्या विनोदासाठी देकार्त ठाऊक असावा लागतो. मग मोबाइल खिशात ठेवला आणि आंधळ्यांची व हत्तीची गोष्ट सांगितली. जवळच कोलकासला वनविभागाचे हत्ती आहेत, त्यामुळे हत्ती कसा असतो हे या मुलांना मी सांगण्याची गरजच नव्हती. दुसऱ्याच वाक्याला मुले हसू लागली. ही गोष्ट त्यांच्यापासून फार दूरची नव्हती. सातशे वर्षांपूर्वी ती याच जिल्ह्याशी बांधल्या गेलेल्या एका पंथाने मराठीत जपली.

४/
आधी आजच्या चित्रकथांविषयी थोडे. अमेरिकेतल्या कोरी मोहलर यांनी २०१३ मध्ये ‘एक्झिस्टेन्शियल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. तीत निरनिराळ्या शतकांतले तत्त्वज्ञ एका टेबलाभोवती बसून खेळ खेळतात, भांडतात आणि आपापल्या सिद्धान्तांपायी हरतात. या मालिकेतली एक साधी सोय मला फार महत्त्वाची वाटते. चित्रकथेच्या खाली, विनोद न कळलेल्या वाचकासाठी, त्यामागचा विचार थोडक्यात समजावलेला असतो. हसवून झाल्यावरही काहीतरी सांगायचे उरते, हे तिथे मान्य केलेले आहे. हीच सोय तेराव्या शतकातल्या मराठीत होती, आणि तिला स्वतंत्र नावही होते.

५/
काळ देवगिरीच्या यादवांचा. महादेव यादवाने १२६१ ते १२७१ आणि रामचंद्राने त्यानंतर १३११ पर्यंत राज्य केले. दोघांच्याही दरबारात हेमाद्री हा विद्वान मंत्री होता. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा संस्कृतातला प्रचंड ग्रंथ. त्यातल्या व्रतखंडात कोणत्या तिथीला कोणत्या देवतेचे कोणते व्रत करावे आणि त्याचे फळ काय, याचा अफाट संग्रह आहे. देव अनेक, व्रते त्याहून अनेक आणि त्यांची भाषा संस्कृत, असा तो काळ. या पार्श्वभूमीवर वऱ्हाडातल्या एका गावात वेगळेच काही चालले होते.

६/
ते गाव रिद्धपूर, आजच्या मोर्शी तालुक्यातले. तिथे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ राहत. त्यांच्या आठवणींचा ग्रंथ ‘ऋद्धिपुरलीळा’ वाचताना एखादा विक्षिप्त, खोडकर माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. एकटेच हसणारा, मुलांसारखा खेळणारा, कोणाच्याही घरात शिरून वाट्टेल ते मागून खाणारा. जातीच्या उंबरठ्यांची त्यांना पर्वा नव्हती. लोक त्यांना वेडे म्हणत, आणि तेच लोक राऊळांना आपली माय आणि आपला बाप मानत. त्यांनी सिद्धान्त असा मांडला नाही. गावाने ज्या गोष्टी गंभीर ठरवल्या होत्या त्यांच्यात ते गंभीरपणे वागत नसत, एवढेच.

७/
या राऊळांकडे एक परका तरुण आला. महानुभावांच्या परंपरेनुसार तो गुजरातेतल्या भडोचचा, एका प्रधानाचा मुलगा हरपाळ. रिद्धपूरला त्याला ज्ञान लाभले, पुढे साळबर्डीच्या डोंगरात त्याने एकांतवास केला आणि महाराष्ट्राने त्याला चक्रधरस्वामी म्हणून ओळखले. इथे थोडे थांबून विचार करावा. ज्याची घरची भाषा मराठी नव्हती, त्याने आपले सारे तत्त्वज्ञान मराठीत सांगितले. चक्रधरांनंतर म्हाइंभटांनी रिद्धपूरच्या वाजेश्वरी मंदिरात बसून, माणसांना विचारून विचारून त्यांच्या आठवणी गोळा केल्या. तेच मराठीतले आद्य गद्य चरित्र, ‘लीळाचरित्र’.

८/
चक्रधरांचे तत्त्वज्ञान सोपे नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ त्यांनी नित्य आणि परस्परांहून स्वतंत्र मानले. देवता असंख्य आहेत आणि त्या आपापल्या मर्यादेतले फळ देऊ शकतात. मोक्ष मात्र परमेश्वरच देतो. हेमाद्रीच्या व्रतखंडाशेजारी हे विधान ठेवले की त्याची धार कळते. आता हे सांगायचे कोणाला? समोर बसलेल्यांत शास्त्री होते, शेतकरी होते, संसारातून उठलेल्या म्हाताऱ्या बाया होत्या. इथे हत्ती प्रवेश करतो.

९/
गावात हत्ती आला. जन्मांध माणसे त्याला पाहायला गेली. एकाच्या हाताला पाय लागला, त्याला हत्ती खांबासारखा वाटला. सोंड चाचपणाऱ्याला तो मुसळासारखा वाटला, कान धरणाऱ्याला सुपासारखा, पाठीवर हात फिरवणाऱ्याला भिंतीसारखा आणि शेपटी हाती आलेल्याला खराट्यासारखा. मग भांडण. शेवटी एक डोळस माणूस सांगतो की तुम्हा प्रत्येकाला हत्तीचा एकेक भाग सापडला आहे. उपमा पाहा : खांब, मुसळ, सूप, भिंत, खराटा. यातली एकही वस्तू घराबाहेरची नाही. ऐकणाऱ्या बाईने त्या दिवशी सकाळीच ती हाताळलेली असे.

१०/
चक्रधरांच्या बोलण्यातले असे ११४ दृष्टान्त केसोबास या शिष्याने निवडून ‘दृष्टान्तपाठ’ सिद्ध केला. त्याची घडण तीन भागांची आहे. पहिला भाग सूत्र, म्हणजे चक्रधरांचे नेमके वचन. दुसरा दृष्टान्त, म्हणजे गोष्ट. तिसरा दार्ष्टान्तिक, म्हणजे ती गोष्ट त्या सूत्राला कशी लागू पडते याचा उलगडा. चित्रकथेच्या भाषेत बोलायचे तर या तीन चौकटी झाल्या. हसू दुसऱ्या चौकटीत येते. तत्त्वज्ञान तिसऱ्या चौकटीत राहते. मोहलर यांच्या चित्रकथेखालचा तो खुलासा म्हणजे आपला दार्ष्टान्तिकच.

११/
ही तिसरी चौकट काढून टाकली तर काय बिघडते? फार बिघडते. हीच हत्तीची गोष्ट पाली ‘उदान’ या ग्रंथात बुद्धाच्या तोंडी आहे. तिथे आंधळे अखेर एकमेकांना ठोसे मारू लागतात. आपापल्या मतांपायी भांडणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांची ती थट्टा आहे. जैन परंपरेत हीच गोष्ट अनेकान्तवादासाठी सांगतात : प्रत्येकाचे म्हणणे एका बाजूने खरे, म्हणून कोणालाही खोटे ठरवू नका. चक्रधरांच्या दृष्टान्तात ती तिसरीकडेच जाते : एकेका देवतेला भजणारा एकेक अवयव धरून बसला आहे, समग्र हत्ती जाणणारा मात्र कोणीतरी असतो.

१२/
म्हणजे हत्ती एक, हसू एक, पण दर्शने तीन. एक सांगते, भांडणाचा मोह सोडा. दुसरे सांगते, सर्वांचे ऐकून घ्या. तिसरे सांगते, भागावर संतुष्ट राहू नका. नुसती गोष्ट ऐकून हसत घरी गेलेल्या माणसाने यातले काय नेले, ते सांगता येत नाही. विनोदामुळे विचार स्वस्त होतो, ही तक्रार मला म्हणूनच थोडी चुकीच्या जागी केलेली वाटते. विनोद दार उघडतो. दार उघडल्यावर आत कोणी बोलावलेच नाही, तर तो दोष दाराचा कसा? आपल्याकडच्या अनेक चित्रकथा दुसऱ्या चौकटीवरच संपतात, ही खरी उणीव.

१३/
कोणावर हसायचे, हेही इथे पाहण्यासारखे आहे. आज आंधळ्यांवर हसताना आपण चाचरतो, आणि चाचरायलाच हवे. पण दृष्टान्तातले हसू त्यांच्या डोळ्यांवर येत नाही, त्यांच्या खात्रीवर येते. शेपटी धरून कोणी ‘मला शेपटी लागली’ म्हणाला असता तर गोष्टच झाली नसती. हत्ती खराट्यासारखा असतो असे तो ठासून म्हणतो, तेव्हा आपण हसतो. आणि मग ध्यानात येते की ऐकणारा प्रत्येक जण आपापल्या देव्हाऱ्यापुढे असेच काहीतरी ठासून म्हणत आला आहे. हसू अर्ध्यावर येते आणि मागे वळते. चांगल्या दृष्टान्ताचे काम असे चालते.

१४/
आता भाषेचा प्रश्न. चक्रधरांनंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे, म्हणजे भटोबासांकडे आली. त्यांच्या आठवणींचा ग्रंथ ‘स्मृतिस्थळ’. त्यातला एक प्रसंग मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावा. केसोबास संस्कृताचे मोठे पंडित. त्यांचे ‘रत्नमालास्तोत्र’ संस्कृतातच आहे. त्यांनी पंथाचे तत्त्वज्ञानही संस्कृतात बांधायचे मनात आणले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. कारण एकच दिले : तसे केल्याने आपल्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील. ग्रंथाचा वाचक कोण, हे ठरवताना त्यांनी पंडितांकडे पाहिले नाही. सर्वांत मागे बसलेल्या म्हातारीकडे पाहिले.

१५/
त्याच ग्रंथातला दुसरा प्रसंग तर उघड विनोदी आहे. पंथातले दोघे विद्वान नागदेवाचार्यांना संस्कृतात प्रश्न विचारू लागले. ती अस्मत्-कस्मत् आपल्याला कळत नाही, स्वामींनी आपल्याला मराठीत सांगितले, तुम्हीही मराठीतच विचारा, असे त्यांनी सुनावले. एका आचार्याने स्वतःच्या अज्ञानाची अशी जाहीर थट्टा करून भाषेचे धोरण ठरवावे, हे विलक्षण आहे. विद्वत्तेची भाषा कोणती असावी यावर त्यांनी व्याख्यान दिले नाही. आपल्याला कळत नाही, एवढेच म्हटले आणि समोरच्याला खाली उतरायला लावले.

१६/
या म्हाताऱ्या केवळ ऐकून माना डोलावणाऱ्या नव्हत्या. महदाइसेचेच पाहा. तिची ख्यातीच मुळी प्रश्न विचारणारी म्हणून. चक्रधरांना ती इतके खोदून विचारी की तिच्या प्रश्नांमुळे किती तरी उलगडे आपल्यापर्यंत पोचले. पुढे उतारवयात गोविंदप्रभूंना लग्नाची लहर आली, तेव्हा भक्तांनी रिद्धपूरला त्यांच्या लग्नाचा लटका सोहळा मांडला, आणि त्यात महदाइसेने धवळे गायले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिला मान देतो, तिचे काव्य एका थट्टेच्या लग्नात जन्मले. हास्य आणि जिज्ञासा त्या मंडळीत एकाच अंगणात नांदत होत्या.

१७/
मग या उघड्या अंगणाला कुलूप लागले. चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला आरंभ केला. ग्रंथांची विटंबना होऊ नये, ते परक्या हाती जाऊ नयेत, अशी त्यामागची काळजी सांगतात. काळजी समजण्यासारखी होती. परिणाम मात्र असा झाला की म्हातारीला कळावी म्हणून निवडलेली मराठी, सर्वसामान्य मराठी वाचकाला वाचताच येईना. पंथ पंजाबपर्यंत पोचला आणि पोथ्या जपल्या गेल्या, हे खरे. पण वऱ्हाडातला साधा शेतकरी सहा शतके आपल्याच गावच्या हत्तीच्या गोष्टीला मुकला.

१८/
कुलूप उघडायला विसावे शतक उजाडावे लागले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपीचा उलगडा केला. हरि नारायण नेने यांनी १९३० च्या दशकात नागपुरात महानुभाव ग्रंथ संपादून छापले. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी आयुष्य या वाङ्मयाला दिले; त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. आणि आता रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. ज्या पंथाच्या एका आचार्याने आपल्याला अस्मत्-कस्मत् कळत नाही असे सांगितले, त्याच पंथाच्या गावात.

१९/
पण कुलूप लागले म्हणून वऱ्हाडचे हसू थांबले नाही. मेळघाटाच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले. जात परीट, अक्षरओळख नाही. १९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात झाडू आणि मातीचे गाडगे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, असा क्रम. हे गाडगेबाबा. त्यांच्या कीर्तनात पोथी नव्हती. होते ते वऱ्हाडी बोलीतले प्रश्न, आणि समोरच्या हजारोंचे एकसुरात उत्तर.

२०/
त्यांचा एक प्रसिद्ध प्रसंग. बाबा विचारतात, जगात देव किती? लोक सांगतात, एक. बाबा विचारतात, तुमच्या गावात खंडोबा आहे का? आहे. मग किती झाले? दोन. भैरोबा आहे का? आहे. आता किती? तीन. मोजणी वाढत जाते आणि हशाही वाढत जातो. चक्रधरांनी हत्ती आणून जो प्रश्न उभा केला, तोच हा प्रश्न : परमेश्वर एक की देवता अनेक? इथे हत्तीऐवजी बोटांवरची बेरीज आहे. सत्यनारायणाच्या कथेत बुडालेली नाव वर येते, तर युद्धात बुडालेली जहाजेही पूजा घालून वर काढता येतील काय, असाही त्यांचा सवाल असे.

२१/
दोघांची दर्शने एक नव्हेत, हे स्पष्ट असावे. चक्रधरांचा रोख मोक्षाकडे आहे. गाडगेबाबांचा रोख भुकेल्याला अन्न, मुलाला शिक्षण, कर्ज काढून सण न करणे, मुक्या जनावराचा बळी न देणे, याकडे आहे. पण पद्धतीत एक मोठे पाऊल पुढे पडले. दृष्टान्तपाठात तिसरी चौकट गुरू भरतो. कीर्तनात बाबा ती रिकामी ठेवतात आणि लोकांकडून भरून घेतात. ‘तीन’ हे उत्तर बाबांनी दिलेले नसते. ते तुम्ही स्वतः ओरडून दिलेले असते. स्वतःच्या तोंडून निघालेल्या उत्तराशी भांडणे फार अवघड. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला त्यांचे निधन झाले.

२२/
आता पुन्हा सेमाडोह. मुले हसली, असे मी वर म्हटले. बाजूला एका मुलीची आजी सूप घेऊन धान्य पाखडत बसली होती. पोरे का हसतात, हे तिने नातीला कोरकूत विचारले. नात सांगू लागली. तिचे शब्द मला कळत नव्हते, पण गोष्ट कळत होती : तिने हात लांब करून सोंड दाखवली, पाय आपटला, आणि कानाची पाळी आली तेव्हा सरळ आजीच्या हातातल्या सुपाकडे बोट केले. आजी खुदकन हसली. दुसरी चौकट जंगल ओलांडून, भाषा ओलांडून सहज पोचली. मी मनातून खूश झाले.

२३/
मग नात अडली. मी मुलांना शेवटी ‘अंश’ आणि ‘समग्र’ असे शब्द वापरून उलगडा सांगितला होता. मुलीने माझ्याकडे पाहिले, आजीकडे पाहिले, आणि दोन-तीन शब्दांत काहीतरी उरकले. माझी तिसरी चौकट तिथे गळून पडली, आणि तो दोष मुलीचा नव्हता. इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी मी, नागदेवाचार्यांचा तो प्रसंग परीक्षेत दोनदा लिहून आलेली, सेमाडोहला मात्र केसोबासांच्या जागी उभी होते. त्या अंगणात माझी प्रमाण मराठी हीच संस्कृत होती, आणि नागवली जाणारी म्हातारी समोर सूप घेऊन बसली होती.

२४/
आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने काही विचारले आणि नातीने ते मला सांगितले : “ताई, आजी म्हनते, तो डोळेवाला मानूस इतका वेळ कुठी होता? भांडन झाल्यावर काहून आला?”

या गोष्टीच्या तीन परंपरांवर मी टिपणे काढली आहेत. हा प्रश्न माझ्या एकाही टिपणात नव्हता. खरेच, कुठे होता तो? त्याला आधीपासून दिसत होते, तर आंधळे हत्तीपर्यंत चाचपडत जात असताना तो का बोलला नाही? आणि तो डोळस आहे, हे आंधळ्यांनी कशावरून मानायचे?

२५/
चक्रधरांच्या तत्त्वज्ञानात या प्रश्नाला उत्तर आहे : परमेश्वर स्वतः मनुष्यरूपाने जिवांच्या भेटीला येतो, अवतार घेतो. डोळस माणूस दूर उभा राहत नाही, खाली येतो. पण आपण, म्हणजे धागे लिहिणारे, चित्रकथा काढणारे, सोपे करून सांगणारे? आपण काही अवतार नव्हे. तरीही ‘सामान्य वाचकासाठी’ लिहायला बसलो की गोष्टीतली डोळसाची जागा आपण न विचारता घेतो, आणि भांडण संपल्यावर येऊन समजावतो. आजीने हत्तीच्या गोष्टीत एक आंधळा वाढवला. तो सांगणारा स्वतः.

२६/
म्हणून विनोदातून तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांना वऱ्हाडाचा इतिहास तीन गोष्टी शिकवतो, असे मला वाटते. दृष्टान्तपाठ शिकवतो की गोष्टीनंतर अर्थाची चौकट हवी. गाडगेबाबा शिकवतात की ती चौकट ऐकणाऱ्याकडून भरून घ्यावी. आणि महदाइसेपासून सेमाडोहच्या आजीपर्यंतच्या म्हाताऱ्या शिकवतात की भरलेल्या चौकटीवरही प्रश्न विचारता आला पाहिजे, आपल्या भाषेत, काम न थांबवता. हे तिसरे साधले नाही, तर सोपे केलेले ज्ञान हीदेखील एक सांकेतिक लिपीच ठरते; फक्त अक्षरे ओळखीची असतात.

२७/
परत निघण्याआधी मी त्या मुलीकडून हत्तीला कोरकूत काय म्हणतात ते विचारून घेतले आणि माझ्या वहीत तिच्याच हाताने लिहून घेतले. पुढच्या वेळी गोष्ट तिने सांगायची आणि मी ऐकायची, असे ठरले आहे.

तुमच्याकडे एक मागणे. हत्तीची गोष्ट तुमच्या घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला, त्यांच्या बोलीत सांगा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, गोंडी, कोलामी, जी असेल ती. ते कुठे हसले हे लिहू नका. हसल्यानंतर त्यांनी काय विचारले, ते खाली लिहा.

धागा समाप्त.